एकच व्यक्ती

"सोनाली योगीराज मोरे!"

वर्गाच्या दारात उभे राहून सर यादीतली नावं पुकारत होते. मी व्हरांड्यात, हातात मोबाईल. पहाटे माकणीहून निघताना लेकीचं अंग कोमट होतं. फोन बंद करवत नव्हता. सरांनी आणखी दोनदा पुकारलं. मनात आलं, माझ्या नणंदेच्याच नावाची आहे कुणीतरी. आली कशी नाही अजून?

सगळे आत गेले. सर माझ्याकडं बघत म्हणाले, "तुम्ही कोण?"

मी हॉल तिकीट पुढं केलं आणि तेव्हा कुठं त्यावरचं नाव वाचलं.

"तीनदा हाक मारली की! गैरहजर लावलं तुम्हाला." त्यांनी आधार कार्ड पाहिलं. "ह्या तर राजनंदिनी पवार. सोनाली कुठंय?"

"मीच, सर. सासरी नणंद सोनाली हाय. एका घरात दोन नकोत म्हणून लग्नात माझं बदललं."

"लग्नाचा दाखला?"

"घरी राहिला."

एम.कॉम.चा एवढाच विषय उरला होता, अ‍ॅडव्हान्स्ड कॉर्पोरेट फायनान्स. एकदा लग्नात हुकला, एकदा बाळंतपणात. आज बसता आलं नसतं तर पदवीची मुदतच संपली असती. दुपारी लेक झोळीत निजली की मी मोठ्यानं वाचायची. एकदा विलीनीकरण चाललं होतं आणि सासूबाई शेंगा फोडत ऐकत होत्या.

"मंजी काय गं?"

"मोठी कंपनी लहानीला आपल्यात घेती, आत्याबाई. मग लहानीचं नाव राहत न्हाय."

"आन् तिचं सामान?"

"सगळं मोठीकडं."

"मग लगीन म्हण की सरळ!" हसता हसता त्यांना ठसका लागला. मीही हसले होते.

सरांनी कोरा कागद दिला. "लिहा, सोनाली आणि राजनंदिनी ही एकच व्यक्ती आहे. खाली साक्षीदार लागतो, दोन्ही नावांनी ओळखणारा. आहे कुणी?"

मी विचार केला. माहेरी सोनाली, माकणीत राजनंदिनी. नवरा पुण्याला, बहिणीचं नाव म्हणून त्यानं मला कधी सोनाली म्हटलंच नाही.

"न्हाय, सर."

त्यांनी तिकिटावरचा फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि साक्षीदाराच्या जागी स्वतःच सही केली. यादीतला लाल शेरा खोडला. "फोन बाहेर ठेवा. चला सोनाली, दहा मिनिटं गेली."

पेपरात विलीनीकरण आलंच नाही. आलं तेवढं लिहिलं.

वेळ संपल्यावर सर उत्तरपत्रिका गोळा करत आले. "सोनाली, द्या."

पहिल्याच हाकेला मी वर पाहिलं.

बाहेर येऊन फोन लावला. "उतरला गं ताप," आत्याबाई म्हणाल्या. "राजनंदिनी, कवा येतीस?"

"निघालेच."

तरी पायरीवर उभीच राहिले. सर गठ्ठा बांधून ऑफिसकडं गेले. शिपायानं वर्गाचं दार ओढून कडी घातली, तेव्हा मी स्टँडकडं निघाले.