एक थेंबही सांडायचा नाही

मित्रांनो, माझ्या खोकल्याला घाबरू नका. मी एक जुना डिझेल ट्रक आहे आणि सुरू होताना आम्ही सगळेच असे खोकतो. माझा जन्म अमेरिकेतल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. उमेदीची वर्षं मी लोकांच्या बोटी ओढण्यात घालवली. तेव्हा लोक कौतुकाने माझ्या बॉनेटवर थाप मारायचे. मग नवे ट्रक आले आणि मी एका घरामागच्या गवतात पडून राहिलो. माझ्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. आपल्याला कुणी विचारत नाही, हे दुःख फार वाईट.

तिथून मला जवळच्याच नेपरव्हिल शहरात राहणाऱ्या रवींद्रने आणलं. तो मूळचा नागपूरचा, कॉम्प्युटरवर काम करणारा. त्याने आणि त्याच्या मुलीने, अनिकाने, सगळा हिवाळा गॅरेजमध्ये खपून मला उभं केलं. रवींद्रला एकच वेड होतं, मला ड्रॅग रेसमध्ये पळवायचं. सरळ, छोट्या ट्रॅकवर दोन गाड्यांची शर्यत म्हणजे ड्रॅग रेस. पण तिथे डिझेल ट्रकांना बंदी होती. पूर्वी एका ट्रकने ट्रॅकभर तेल सांडलं होतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं आमचं झालं.

रवींद्र ट्रॅकच्या मॅनेजरच्या, वॉल्टरच्या, मागेच लागला. शेवटी वॉल्टर म्हणाला, "ठीक आहे, एकच रन. पण ट्रॅकवर तेलाचा एक थेंब जरी दिसला, तर डिझेल ट्रक कायमचे बंद."

त्या दिवशी गेटबाहेर कितीतरी डिझेल ट्रक आशेने उभे होते. सकाळच्या तपासणीत मी पास झालो, कारण तेव्हा मी थंड होतो. रांगेत इंजिन तापलं आणि पोटाखालची तेलाची नळी सैल झाल्याचं मला जाणवलं. तिथे थेंब जमू लागला. मी घाबरून गेलो. ओरडून सांगावं, तर माझ्या तोंडातून नुसता धूर! रवींद्र आत बसून खुशीत हेल्मेट घालत होता.

तेवढ्यात नागपूरहून आलेल्या त्याच्या लता मावशीने माझ्या पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली.

"मावशी, इथे हे अलाउड नाहीये गं!" रवींद्र म्हणाला.

"गप बस. नारळ फोडू दिला नाहीस, निदान लिंबू तरी ठेवू दे."

रांग पुढे सरकली. लिंबं फुटली आणि रस खाली पसरला.

"थांबा! हा ट्रक लीक होतोय!" वॉल्टर ओरडत आला.

"इट्स जस्ट लेमन!" अनिका रडवेली झाली होती.

वॉल्टरने ओलाव्याला बोट लावून वास घेतला. मग टॉर्च काढून तो माझ्याखाली वाकला.

"हे लिंबू आहे," तो म्हणाला, "मग वर हे काय लोंबतंय?"

नळीला तेलाचा थेंब होता. रवींद्र हेल्मेट काढून खाली उतरला आणि वाकून बघू लागला.

"सॉरी, इंजिन गरम झाल्यावर मी चेकच केलं नाही."

गेटबाहेरची माणसं जाळीला टेकून आत बघत होती. माझ्यामुळे या सगळ्यांना परत जावं लागणार, या विचाराने मला रडू येत होतं.

वॉल्टरने थेंबाखालच्या जमिनीवर टॉर्च फिरवला. "अजून पडलेला नाही," तो म्हणाला. "बाजूला घे. आणि पाना आण."

रवींद्रने नळी घट्ट केली. मावशीने गुडघे टेकून आपल्या ओढणीने माझी चाकं पुसली. मग मी पळालो. शेजारची चिमुकली पेट्रोल गाडी मला सहज हरवून गेली, पण माझं सगळं लक्ष पोटाखाली होतं. मी थांबलो, तेव्हा वॉल्टर मान खाली घालून ट्रॅक बघत बघत चालत येत होता. तो टोकाला पोचला, ताठ उभा राहिला आणि त्याने गेटकडे हात हलवला. गेट उघडलं.

मावशी सगळ्यांना सांगते, लिंबानं केलं. रवींद्र तिला विरोध करत नाही.

ट्रक एकेक करून आत येत होते. मला आनंद झाला, पण काळजी सुटेना. यांच्यातल्या कुणाची नळी सैल असेल तर? त्याच्या एका थेंबाने गेट पुन्हा सगळ्यांसाठी बंद होईल. म्हणून मित्रांनो, तुमची गाडी दमूनभागून घरी आली की एकदा वाकून तिच्याखाली बघत जा. आम्हाला दुखतं, पण सांगता येत नाही.