अडतीस खाती, एक मोबाईल

नूतनने यादी खाली सरकवली, पुन्हा वर नेली आणि ओठांपर्यंत नेलेला चहाचा कप तसाच खाली ठेवला. पडद्यावर लाल पट्टीत एकच ओळ होती: अडतीस खाती, एक मोबाईल.

"पकड लिया!" हेडफोनमध्ये धर्मेंद्र ओरडला. तो रायपूरच्या ऑफिसात बसून हाच पडदा बघत होता. "मॅडम, पहिल्याच फेरीत गँग सापडली. बोर्डाला दाखवायला आणखी काय पाहिजे?"

धर्मेंद्र पतसंस्थांच्या संघाचा अधिकारी. दुर्ग-भिलाईकडच्या अकरा लहानमोठ्या पतसंस्थांनी आपली सगळी माहिती एका जागी आणायचं ठरवलं होतं, आणि तो प्लॅटफॉर्म उभारायचं काम पुण्याच्या एका कंपनीतर्फे नूतनकडे आलं होतं. गेलं वर्षभर भिलाईत, रुआबांधा वस्तीतल्या घराच्या मागच्या खोलीत बसून ती तो उभारत होती. उद्या अकराच्या एकशे दहा संस्था झाल्या तरी त्याने कुरकुर करता कामा नये, ही एक अट. आणि कोणाचं नाव कोणाला दिसता कामा नये, ही दुसरी. या दुसऱ्या अटीचा तिला भारी अभिमान. सभासदाच्या नावाच्या जागी नुसता सांकेतिक आकडा दिसे, मोबाईलचे शेवटचे चार अंक दिसत, आणि कोणी काय उघडून पाहिलं याची नोंद आपोआप होई. खुद्द नूतनलाही त्यातून सूट नव्हती.

चोर धरायचा नियमही तिनेच लिहिलेला. एका मोबाईलवर पाचापेक्षा जास्त खाती दिसली की ती संशयित. सोमवारी प्लॅटफॉर्म सुरू झाला की चौकशी होईपर्यंत अशी खाती गोठणार होती.

शेवटचे चार अंक होते ४४७१. ते नूतनला पाठ होते, कारण तो मोबाईल या क्षणी पुढच्या व्हरांड्यात तिच्या वडिलांच्या हातात होता.

"दुर्गाबाई, हे पेन्शनचं नाई, गॅसचं हाय," व्हरांड्यातून भाऊरावांचा आवाज आला. "थांबा, पुढचा वाचून पायतो."

भाऊराव रेल्वेच्या दल्ली-राजहरा लाइनवर असिस्टंट स्टेशन मास्तर होते. तेव्हा घर भिलाईतल्याच कँप-१ या कामगार वस्तीत. त्या गल्लीत पहिला मोबाईल त्यांनी घेतला, आणि पतसंस्थेच्या फॉर्मवर मोबाईलचा रकाना आला तेव्हा अख्ख्या गल्लीने बिनदिक्कत मास्तरांचा नंबर लिहिला. पुढे घरोघरी मोबाईल झाले, पण ते पोरांच्या नाहीतर सुनांच्या हातात. आपला मेसेज सुनेने वाचण्यापेक्षा मास्तरांनी वाचलेला बरा, असा साधा विचार. म्हणून रोज दहा वाजले की कँपातली चार माणसं रुआबांध्याला हजर. भाऊराव मेसेज वाचत, ज्याचा त्याच्या कानात सांगत आणि त्याच्यादेखत पुसून टाकत; लेकीलाही त्यातलं कधी कळू देत नसत. रिटायर झाल्यावर पहिलं वर्ष त्यांनी खिडकीशी बसून काढलं होतं, धड जेवतही नव्हते. ही माणसं यायला लागली आणि त्यांना पुन्हा भूक लागायला लागली. नूतन ते विसरली नव्हती.

आता सोमवारी अडतीस घरांची पेन्शन अडकणार आणि बाबांचा व्हरांडा रिकामा होणार. नियमात एक ओळ वाढवली असती तर हा एक नंबर गुपचूप सुटला असता. तो विचार मनात आला, नाही असं नाही. पण आपणच लावलेल्या कुलपाची चोरकिल्ली आपणच करायची, हे तिच्या जिवाला पटेना.

"सर," ती म्हणाली, "हा नंबर माझ्या वडिलांचा आहे."



"आपके पिताजी?"

"हो. ते लोकांचे मेसेज वाचून देतात. पण माझ्या शब्दावर जाऊ नका. या चौकशीतून मला बाजूला काढा."

धर्मेंद्रचा आवाज एकदम सरकारी झाला. "मग फोन मी करतो. तुम्ही त्यांना यातलं काही सांगायचं नाही. त्यांनी सहकार्य केलं तर बघू. नाही केलं तर सोमवारी नंबर बंद."

"नाही सांगणार," नूतन म्हणाली.

हा गुरुवार होता. शुक्रवारभर ती घरात तोंडाला कुलूप लावून फिरली. जेवताना दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा घास घालून बंद केलं.

"काय वो, मीठ जास्त झालं का?" भाऊरावांनी विचारलं. आमटी त्यांनी केली होती.

"नाई बाबा, बरोबर हाय."

शनिवारी अकराच्या सुमाराला फोन वाजला. व्हरांड्यात दुर्गाबाई होत्या आणि स्टील प्लांटात ठेक्यावर जन्म घालवलेले सुशीलकाका. नूतन दाराआड उभी राहिली. असं चोरून ऐकायची तिला लाज वाटत होती, पण पाय हलेनात.

"हां, बोलून राहिलो. कोन? संघातून?" भाऊरावांनी फोन कानाशी घट्ट धरला. "कोनाची नावं पायजे तुमाले? ... अच्छा. मंग पयले तुमचा प्रायव्हेट नंबर सांगा."

नूतनने कपाळाला हात लावला. रेल्वेत गाडी सोडण्याआधी स्टेशन मास्तर फाटकवाल्याला फोन करी. फाटक बंद झालं की फाटकवाला आपल्या कागदावरचा एक आकडा सांगे, मास्तर आपल्या कागदावरचा. तो प्रायव्हेट नंबर. एकदा वापरला की त्यावर काट मारायची. पलीकडचा आवाज सख्ख्या भावाचा असला तरी नंबराशिवाय गाडी हलत नसे. चौतीस वर्षं भाऊरावांनी हेच केलं होतं.

"नाई हाय? तं माझ्यापाशीबी नावं नाई हाय," ते म्हणाले आणि त्यांनी फोन कापला.

"कोन होता मेला?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"असन कोनी चोर. आजकाल लई फोन येऊन राहिले."

पाच मिनिटांत नूतनच्या मोबाईलवर धर्मेंद्रचा मेसेज आला: सहकार्य नाही. फोन कापला. सोमवारी नंबर बंद.

तिला आधी वडिलांचाच राग आला. फोनवर कोणालाही काही सांगायचं नाही, हे वर्षभर तीच त्यांच्या कानीकपाळी ओरडत होती. शिकवलेलं असं अंगाशी आलं. ती खुर्चीत बसली, उठली, परत बसली. आणि मग तिला दिसलं की बाबांचं काहीच चुकलेलं नाही. चुकलं आहे ते तिचं.

तिने धर्मेंद्रला फोन लावला.

"सर, त्यांनी तुम्हाला काय मागितलं?"

"कोई नंबर माँग रहे थे. मेरे पास कहाँ से आएगा?"

"तेच म्हणते मी. चार लाख सभासदांकडून आपण ओळख मागतो. आपण फोन केला तर आपली ओळख काय? ते मी बांधलंच नाही. वडिलांच्या खात्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, त्यात मी बोलणार नाही. पण हे भगदाड ठेवून सोमवारी मी प्लॅटफॉर्म सुरू करू शकत नाही."

"आणि बोर्ड?"

"बोर्डाला मी सांगते. माझी चूक आहे म्हणून सांगते."

पलीकडे टेबलावर पेन आपटल्याचा आवाज आला. धर्मेंद्रचे आजोबा नागपूरकडचे. मनातलं बोलायचं असलं की त्याची मराठी धीमी होई.

"माझ्या आजीला असाच एक फोन आला होता, मॅडम," तो म्हणाला. त्याने कॅलेंडर पुढे ओढलं. "दहा दिवस देतो. अकरा नाही."

बोर्डात नूतनने बोलणी खाल्ली, मुकाट्याने खाल्ली, आणि कामाला लागली. कामही असं की दिवस कुठे गेले कळलं नाही. नवा नियम असा: शाखेने सभासदाला आकड्यांचा कागद द्यायचा; संघातून फोन करणाऱ्याने आधी त्यावरचा पुढचा आकडा सांगायचा; सभासदाने जुळवून काट मारायची. ज्याला वाचता येत नाही त्याने शाखेत जाऊन, स्वतःचा अंगठा उठवून, आपला वाचक नेमायचा. मग तो नंबर संशयित नाही.

मास्तरांच्या नंबरासाठीचा आकड्यांचा पहिला कागद दुर्गाबाईच कँपातल्या शाखेतून घेऊन आल्या. भाऊरावांनी तो उलटसुलट करून पाहिला. जेवायला बसले तरी तो ताटाशेजारीच होता.

"कोनीतरी डोकं लावलं बाप्पा," ते म्हणाले. "रेल्वेवालाच असन."

नूतनला हसू आवरेना. काम कोणाचं ते घरी सांगायचं नाही, असं तिने कंपनीला सही करून दिलं होतं. तिने त्यांच्या ताटात न विचारता आणखी एक पोळी वाढली.

मंगळवारी पुन्हा फोन आला. या वेळी नूतन आपल्या खोलीत पडद्यासमोर बसून होती आणि दार उघडं होतं.

"सांगा," भाऊराव म्हणाले. "सात, दोन, नऊ, शून्य. बरोबर." पेन्सिल कागदावरून फिरल्याचं तिला आतपर्यंत ऐकू आलं. "आता इचारा. ... नाई, नावं मी तरीबी सांगत नाई. ज्याचं त्याले इचारा. उद्या दहा वाजता सगळ्याईले शाखेत घेऊन येतो, तुमी अंगठे घ्या. ... हव. नमस्कार."

पडद्यावरची लाल पट्टी पिवळी झाली. शेजारी धर्मेंद्रची नोंद उमटली: सहकार्य चांगलं.

नूतनचा जीव भांड्यात पडला. तिच्याने आता आत बसवेना. ती व्हरांड्यात आली आणि जमेल तितक्या भोळेपणाने विचारलं,

"कोनाचा फोन होता बाबा?"

भाऊरावांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. चष्मा काढला, आणि लेकीच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाले,

"राँग नंबर."

नूतनने दुर्गाबाईंकडे पाहिलं. दुर्गाबाईंनी पदर सावरला.

"हव वो पोरी, राँगच होता."

सुशीलकाकांनीही गंभीरपणे मान हलवली. "जाय," ते म्हणाले, "तुहं काम पडलं असन."