गाडीवरचा ढेकूण

ढेकूण मारण्याच्या धंद्यात एक मोठी पंचाईत असते. गिऱ्हाईक कितीही खूश झालं तरी कुणाला सांगत नाही. न्हाव्याने केस झकास कापले तर माणूस आरशासमोरून हलत नाही, शिंप्याचं कौतुक चारचौघांत होतं. पण "आमच्या गादीतले ढेकूण या बाईंनी साफ घालवले" असं चहा पिताना कोण सांगणार? वहिनी आणि तिचा नवरा कैक वर्षं हे काम चोख करत होते. लोक दार लावून घेऊन मनापासून आभार मानायचे आणि दुसऱ्या दिवशी बाजारात भेटले की ओळखही दाखवायचे नाहीत.

त्या वर्षी पहिल्यांदाच जाहिरातीसाठी थोडे पैसे बाजूला पडले. थोडे म्हणजे एकाच ठिकाणी घालावेत इतके. धंद्याचा हिशेब वहिनीकडे, तेव्हा शेवटचा शब्द तिचा. पण मतं नवऱ्याकडे जास्त होती.

"पत्रकं वाटू या," वहिनी म्हणाली.

"अगं, पत्रकं कोण वाचतं? त्यावर लोक भाजी निवडतात."

"मग चौकातला फलक?"

"महिनाभर आपण, पुढच्या महिन्यात साबण. लोकांना वाटेल, बुडाले बिचारे."

जाहिरात कंपनीतल्या एका मुलीने वहिनीला आणखी एक मार्ग सुचवला होता. कुणी फोनवर 'ढेकूण' असं शोधलं की सगळ्यात वर यांचं नाव दिसेल. नवऱ्याने तो ऐकताक्षणीच मोडीत काढला. "दिसत नाही, हाताला लागत नाही. पैसे गेले तर कुठे गेले, एवढं तरी कळायला नको का? त्यापेक्षा आपली गाडी रंगवू. गाडी आपली, रस्ता फुकट. एकदा रंगवली की दहा वर्षं बघायला नको."

वहिनीला ते पटलं. खरं सांगायचं तर तिला गाडीवर आपलं नाव बघायची हौसही होती.

पेंटर मोठा मानी माणूस होता. चित्रातला ढेकूण बघून काढणार नाही म्हणाला, खराच हवा. नवऱ्याने कामावरून एक बाटलीत घालून आणला. पेंटरने भिंगातून त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं की दोघांची ओळख झाली असावी. आठवड्याने गाडी बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना रेडकाएवढा ढेकूण होता. पाठीवर चकाकी, पायांवर बारीक लव, आणि पोट नुकतंच जेवून उठल्यासारखं टम्म. त्याखाली ठळक अक्षरांत नाव आणि फोन नंबर.

"जिवंत वाटतो," नवरा भारावून म्हणाला.

वाटत होताच. सिग्नलला गाडी थांबली की लोक फोटो काढायचे. शेजारच्या स्कूटरवरचा माणूस नकळत पाठ खाजवायचा. अख्ख्या गावाला गाडी ठाऊक झाली, आणि फोन मात्र वाजेनासा झाला. जे दोन-चार वाजले, त्यातल्या एका बाईंनी विचारलं, "तुमचीच का ती गाडी? मग राहू द्या." एका गृहस्थांनी गाडी पलीकडच्या शाळेमागे उभी करायला लावली, आणि नवऱ्याला फवारणीचं यंत्र खांद्यावर मारून तिथून चालत यावं लागलं.

"लोकांना चित्रकलेची कदर नाही," तो घाम पुसत म्हणाला.

त्याच सुमारास एका दुपारी वहिनी सहज नणंदेकडे गेली. दार उघडताच तिच्या नाकाने ओळखलं. फवारणीचा वास, आणि तोही आपल्या औषधाचा नाही. आत पलंग भिंतीला उभा टेकवलेला, गाद्या उन्हात, आणि नणंदेचा चेहरा चोरी पकडल्यासारखा.

"कुणाला बोलावलं होतंस?" वहिनीने विचारलं.

"कुणाला म्हणजे?"

"अगं, या वासात माझी उमेदीची वर्षं गेली. मला काय सांगतेस?"

नणंद खुर्चीत बसली. "पलीकडच्या गावातल्या एका माणसाला. वहिनी, रागावू नकोस. तुम्हालाच बोलावणार होते. दादाला फोनही लावायला घेतला होता, मग ती गाडी डोळ्यांसमोर आली. ती आमच्या दारात उभी राहिली असती तर सगळ्या इमारतीला कळलं असतं. खालच्या बाई तर मला लिफ्टमध्येही घेणार नाहीत."

वहिनीला आधी वाईट वाटलं. घरचं माणूस, आणि पैसे देऊन परक्याला बोलावतं. पण उभ्या पलंगाशेजारी अंग चोरून बसलेली ती नणंद, आणि गाडीवरचा तो टम्म ढेकूण, दोन्ही एकदम नजरेसमोर आले आणि तिला हसू आवरेना. मग नणंदही हसायला लागली.

"त्या माणसाचा पत्ता कुठून मिळाला तुला?" वहिनीने डोळे पुसत विचारलं.

"फोनवर शोधला. दुसऱ्या कुणाला विचारायची सोय असते का यात?"

वहिनी घरी आली ती ठरवूनच. हाताशी उरलेसुरले पैसे जाहिरात कंपनीतल्या मुलीकडे जाणार आणि गाडी पांढरी होणार. नवऱ्याने थोडी कुरकुर केली, पण बहिणीचं ऐकून तोही कबूल झाला. अडला तो पेंटर. "दुसरं काहीही सांगा," तो म्हणाला, "माझ्या हाताने मी त्याला मारणार नाही."

"मग मी मारतो," नवरा म्हणाला. "माझं कामच आहे ते."

पहिल्या हाताखालून ढेकूण तसाच डोकावत राहिला. दुसऱ्या हातानंतर पाय गेले, पोट राहिलं. तिसऱ्या हाताला तो एकदाचा गेला, आणि नवरा ब्रश धुवायला बसला.

फोनवरच्या जाहिरातीत वहिनीने नावाखाली एवढंच लिहायला लावलं: 'गाडी साधी पांढरी. सामान बॅगेत. शेजाऱ्यांनी विचारलं तर आम्ही पाहुणे.' त्याच आठवड्यात फोन सुरू झाले. बहुतेक जण कुजबुजत बोलायचे आणि "भावाच्या एका मित्राकडे जरा त्रास आहे" अशी सुरुवात करायचे. वहिनी गंभीरपणे त्या मित्राचाच पत्ता लिहून घ्यायची.

अशाच एका मित्राच्या घरून काम उरकून दोघं चाकांच्या बॅगा ओढत जिन्याने उतरत होती. खालच्या मजल्यावरचं दार किलकिलं झालं. एका म्हाताऱ्या बाईंनी आधी वर पाहिलं, मग खाली पाहिलं.

"वरच्यांकडे आलेले पाहुणे का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"हो," वहिनी म्हणाली.

"बरं झालं भेटलात," बाई आवाज खाली आणत म्हणाल्या. "आमच्याकडे पाहुणे म्हणून कधी याल?"