शीतलबाबांची सरळ रेघ

लिंबायतच्या मैदानात, मांडवाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन, आणि मंचावर शीतलबाबा इन्सुलिनची पेटी घेऊन उभे. पेटीत बर्फ नाही, वरून बांधलेला फक्त एक निळा धागा.

"फ्रिज वीज पितो, आमचा धागा भक्ती पितो," बाबा म्हणाले. "ही पेटी इंदूरहून साध्या टेम्पोतून दोन दिवसांनी आली. आता मशीनच्याच तोंडून ऐका."

टेम्पो कंपनीत काम करणाऱ्या वाल्मिकमामांनी पेटीतून तापमान नोंदवणारं बोटाएवढं यंत्र काढून लॅपटॉपला लावलं. पडद्यावर आलेख आला. दोन दिवस, पाच अंश, जवळजवळ सरळ रेघ. लोकांनी त्या रेघेला हात जोडले.

पुढच्या रांगेत नूतन आईजवळ बसली होती. आई, उषाबाई, तीन आठवडे हेच धाग्याचं इन्सुलिन घेत होत्या, घरात उघड्या फळीवर ठेवून. साखर चारशेखाली येत नव्हती आणि पायाची जखम चिघळली होती. आठवड्यात फरक पडला नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबांनी निदान केलं होतं, श्रद्धा कमी. म्हणून बाईंनी वर उपास धरले होते.

नूतन कामरेजला औषधांच्या गोदामात रोज असेच रिपोर्ट वाचायची. तरी ती आजवर गप्प राहिली होती, कारण पेटी गारच येते ही हमी मामांची, आईच्या सख्ख्या भावाची होती. कडोदऱ्याच्या आपल्या ऑफिसात सहा महिने शेजारी बसवून त्यांनीच तिला शिकवलं होतं, की पेटी गाडीत चढली-उतरली की रेघ हलतेच. बाबांच्या पेटीचा रिपोर्ट मात्र ती आज पहिल्यांदा पाहत होती.

पेटी चढवल्या-उतरवल्याची एकही खूण नव्हती. होते ते दिवसाला दोनच बारके उंचवटे, दोन्ही दिवशी, बरोबर अकराला आणि चारला. त्या वेळा नूतनच्या ओळखीच्या होत्या.

ती उठली. "मामा, धावत्या टेम्पोत अकराले आनि चारले पेटी कोन उघाडस?"

"बेटी, शंका हेच तापाचं मूळ," बाबा मध्येच म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं, महाराज. मामांच्या ऑफिसात अकराला आणि चारला चहा होतो. दूध फ्रिजमधून काढतात, दार उघडतं, आतली गार हवा बाहेर जाते. हे यंत्र इंदूरहून आलेलंच नाही. दोन दिवस कडोदऱ्यात दुधाच्या पिशवीजवळ पडून होतं आणि आज सकाळी पेटीत टाकलंय. औषध मात्र उन्हात शिजत आलं."

मामांनी मान खाली घातली.

"मालकनी सांगं, बेटा. माले वाटनं, दोन दिवसमा औषधले काय व्हई."

बाबा लुच्चा निघाला, याचं नूतनला फारसं काही वाटलं नाही. पण ज्या माणसाने तिला खरी रेघ ओळखायला शिकवलं, त्यानेच ही खोटी रेघ सख्ख्या बहिणीसमोर धरली होती. तिला रडू आलं, आणि रागाने ते तिने गिळलं.

ती लोकांकडे वळली. "रेघ सरळ आहे म्हणून हात जोडू नका. ती काढणारं यंत्र कुठे ठेवलं होतं, ते विचारा. या पेटीतलं औषध कुणीही टोचू नका, आणि आजच दवाखान्यात जा."

मागच्या रांगेतल्या बायका दंडावर बांधलेले बाबांचे निळे धागे सोडू लागल्या. बाबांच्या माणसांनी लॅपटॉप मिटला.

उषाबाई पट्टी बांधलेला पाय ओढत मंचापर्यंत गेल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "मी उपास करी राहिन्तू, तवय तुले माहीत व्हतं?"

मामांनी खाली बघतच होकाराची मान हलवली.