शंभर अब्जांवरची फुली

मी जळका माणूस आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढची हकीकत ऐकून तुम्ही मला भोळा समजाल.

नाशिकरोडला नोटांच्या छापखान्यात मी तपासनीस आहे. छापून आलेला मोठा कागद समोर घ्यायचा, एकेका नोटेवरून नजर फिरवायची, आणि जिथे शाई पसरली असेल, आकडा घसरला असेल किंवा कडेची पांढरी पट्टी वाकडी आली असेल, तिथे लाल पेन्सिलने फुली मारायची. फुली पडली की नोट बाद. सहासात वर्षांत असं झालं, की चूक डोळ्याला कळायच्या आत हात हललेला असायचा. घरात लग्नपत्रिका आली तरी माझा हात पेन्सिल शोधायचा आणि बायको, लता, ती उचलून ठेवायची. आम्हा तपासनिसांना एकमेकांच्या फुल्यासुद्धा ओळखू यायच्या. कुणाची आखूड, कुणाची तिरपी. माझ्या दोन्ही रेघा हलक्या आणि सारख्या.

शेजारच्या टेबलावर गोरक्ष बसायचा. देवळ्याकडचा, घरी कांद्याची शेती. १९६६ साली आम्ही एकाच दिवशी कामावर लागलो आणि त्या दिवसापासून डबा एकत्र खाल्ला. त्याच्या डब्यात कांद्याची चटणी असायची. तिची निम्मी वाटणी माझी, हे कधी बोलावंही लागलं नाही.

१९७० साली मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर मला एक जुनी ग्रीक नोट मिळाली, पन्नास लाख द्राख्माची. विकणाऱ्याने ती बारा आण्यांना दिली. चौकशी केली तेव्हा कळलं, की महायुद्धात जर्मनांनी तो देश ताब्यात घेतला, भाव सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा होऊ लागला, आणि सरकार नोटांवर शून्यं वाढवत गेलं. शेवटी १९४४ साली एकावर अकरा शून्यं, शंभर अब्जांची नोट निघाली, आणि तिचीही पत नव्हती. घसरलेल्या एका आकड्यासाठी नोट बाद करणारा मी. इथे अख्ख्या देशाच्या नोटा बाद झालेल्या. मला तर वेडच लागलं.

चौदा वर्षं मी पत्रं लिहिली, मनिऑर्डरी केल्या, लताच्या शिव्या खाल्ल्या. पंचवीस हजारांपासून दहा अब्जांपर्यंतच्या सगळ्या नोटा जमल्या. आल्बमचा एकच कप्पा रिकामा राहिला, शंभर अब्जांचा.

पंचवटीत रंगनाथ मास्तरांचं संग्राहक मंडळ होतं. तिथे मला सगळे ‘ग्रीसवाले’ म्हणायचे. तुम्हाला त्यात विशेष वाटणार नाही. पण आमच्या वस्तीतला माणूस पंचवटीत गेला, की आधी आडनाव विचारलं जायचं आणि आडनाव कळलं की बोलण्याचा सूर बदलायचा. ग्रीसवाले म्हटल्यावर पुढे कुणी काही विचारत नसे. ते नाव मी कमावलं होतं, आणि मला ते कुणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं.

१९८४च्या दिवाळीनंतर एका रविवारी गोरक्ष घरी आला. चहा पिता पिता त्याने खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. म्हणाला, साळूमावशीची ट्रंक आवरताना मिळाली, मावशीचे यजमान पुंजाराम मिलिटरीत ट्रक चालवायचे, लढाई संपता संपता त्यांची तुकडी तिकडे गेली होती, बघ बरं तुझ्या त्या देशाची आहे का.

तांबूस रंग. डाव्या बाजूला बाईचं डोकं. शून्यं मोजायची गरजच नव्हती.

ती ट्रंक मला माहीत होती. गोरक्षच्या भावाच्या लग्नात मी तिच्यावर बसून बुंदी खाल्ली होती. पोटभर खाल्ली होती आणि वर हात पुसून उठलो होतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याला म्हणालो, माझ्या दहा नोटा घे, वाटेल त्या घे, ही मला दे. तो ओशाळला. म्हणाला, मावशीकडे त्यांची तेवढीच निशाणी आहे, तिला कसं विचारू.

इथवर ठीक होतं. पण त्याने ती रंगनाथ मास्तरांना दाखवली. मास्तरांनी डिसेंबरात एका धर्मशाळेत प्रदर्शन ठरवलं होतं. मांडणी ठरली: मधलं टेबल, काचेखाली, गोरक्षची एक नोट. माझा आल्बम दाराजवळ, काडेपेट्यांच्या छापांशेजारी. मंडळाच्या बैठकीत मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, आता आपल्याकडे दोन ग्रीसवाले झाले. सगळे हसले, गोरक्षही हसला. मी हसलो नाही. ज्याला द्राख्मा म्हणजे खायचा पदार्थ की काय हे माहीत नव्हतं, तो एका रविवारात ग्रीसवाला झाला होता.

वर मास्तरांनी मलाच सांगितलं, की नोटेखालची माहितीची पट्टी तुम्हीच लिहा, त्यातलं तुम्हाला कळतं. गोरक्षने विश्वासाने नोट माझ्या हातात दिली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी घरी खिडकीशी बसलो. पट्टीवर ठळक अक्षरं काढायला लाल पेन्सिल घेतली होती. नोट समोर ठेवली. लता दळण आणायला गेली होती. मी नोट न्याहाळू लागलो, आणि दिसलं, की नंबर एका बाजूला घसरलाय आणि उजवी पट्टी वाकडी आहे. घाईत छापलेला माल तो.

हात हलला. एक तिरपी रेघ पडली.

मी पेन्सिल उचलून धरली. चूक केल्याचं मला कळलं होतं. खोडरबर ड्रॉवरमध्येच होता आणि रेघ हलकी होती, निघालीही असती. मी नोटेकडे पाहिलं. मधल्या टेबलावरची काच डोळ्यांसमोर आली, सगळ्यांचं हसणं आठवलं. मग मी दुसरी रेघ मारली. पहिली रेघ हाताची होती. दुसरी माझी.

संध्याकाळी मी गोरक्षकडे जाऊन पडेल चेहऱ्याने सांगितलं, की सवयीने फुली पडली. त्याने नोट दिव्याखाली धरली. उलटीही करून पाहिली. मग म्हणाला, राहू दे, मलाही झालं असतं.

दुसऱ्या दिवशी धर्मशाळेत त्याने स्वतःच लोकांना गोळा केलं. ही बघा, शंभर अब्जांची नोट, आणि ही आमच्या सावळीरामची फुली. लढाईतून वाचलेली नोट नाशिकला येऊन बाद झाली. लोक खूश झाले. फुलीमुळे मधल्या टेबलावर आणखीच गर्दी झाली आणि दाराजवळ माझा आल्बम उघडाच पडून राहिला. मी तिथेही जळलो. माझ्या पापातूनसुद्धा त्याचंच नाव होत होतं.

टेबलं उचलताना गोरक्ष माझ्याजवळ आला. नोट पिशवीत घालून त्याने माझ्या हातात ठेवली.

“मावशीला विचारून आलोय. ठेव तुझ्याकडं.”

मी म्हणालो, “अरे, निशाणी आहे ती त्यांची.”

“व्हती,” तो म्हणाला. “सावळीराम, अठरा वर्षं तुझी फुली बघतोय. दोन्ही रेघा हलक्या असत्यात. हिची दुसरी रेघ दाबून मारलेली, पार मागून वर आलीय. माझ्याकडं राहिली तर मला रोज ती दिसंल.”

त्याने सगळ्यांसमोर मला वाचवलं होतं. एकट्यात त्याने एवढंच सांगितलं, आणि खुर्च्या उचलायला गेला.

सोमवारी मी कामावर गेलो तेव्हा शेजारी दुसराच तपासनीस बसला होता. गोरक्षने साहेबांना सांगून खिडकीकडचं टेबल मागून घेतलं होतं, उजेड कमी पडतो म्हणून. त्याच्या शेजारी झुंबर नावाचा नवा माणूस लागला होता, कामाला जेमतेम महिना झालेला.

माझा संच पूर्ण आहे. मंडळात आता ग्रीसवाला मी एकटाच, कारण गोरक्ष तिथे येत नाही. लोक आल्बम मागतात. मी दहा अब्जांपर्यंत पानं उलटतो आणि मिटून ठेवतो.

जेवणाच्या सुट्टीत मी माझा डबा एकटा उघडतो. चार टेबलं पलीकडे गोरक्ष डब्याचं झाकण काढतो, चटणीचे दोन भाग करतो आणि एक झुंबरपुढे सरकवतो. झुंबर मान वर न करता खातो, जणू ती त्याचीच आहे. मी त्याच्या भाकरीकडे बघत राहतो, आणि माझा घास तोंडातच फिरतो.