कोण आला?

घरात तिला सगळे टकळी म्हणत, कारण ती सकाळी डोळे उघडायच्या आत बोलायला लागे. या टकळीने एकदा शाळेतून येताना दप्तरातून पिशवीभर बारीक बी आणलं आणि ओसरीवर खुर्ची टाकून बसलेल्या आजोबांच्या नाकासमोर नाचवलं.

"आजोबा, क्विनोआ!"

"कोण आला?" आजोबांनी मान वळवून फाटकाकडे पाहिलं.

"कोणी नाही आला हो! क्विनोआ. पीक आहे. गुरांना चारा होतो."

"मग नीट सांग की, कोणआला म्हणून."

झालं! त्या दिवसापासून त्या पिकाचं बारसं झालं ते झालंच. आई 'कोणआला' म्हणायला लागली, बाबाही. टकळीने आठवडाभर सगळ्यांचे उच्चार सुधारले आणि नवव्या दिवशी तिच्याही तोंडून तेच निघालं.

बी दिलं होतं विज्ञानाच्या बाईंनी. हे खारवट जमिनीतसुद्धा येतं, एवढं त्या म्हणाल्या आणि टकळीच्या डोळ्यांसमोर गोठ्यामागचा तुकडा उभा राहिला. ती जमीन इतकी खारट की उन्हात वर पांढरी पापुद्री धरायची. गवतसुद्धा तिथे उगवायला नाक मुरडायचं. बाईंनी पुढेही बरंच सांगितलं. पण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चालू असताना टकळी चौथा प्रश्न विचारत होती, त्यामुळे त्यातलं अर्धं हवेतच राहिलं.

बाबांना त्या तुकड्यावर खडी ओतून ट्रॅक्टरसाठी सिमेंटचा चौथरा करायचा होता.

"बाबा, मला चार महिने द्या. फक्त चार!"

"दिले. पण तुझा तो कोणआला इन्स्पेक्टरबाईंनी गव्हाणीतून खाल्ला पाहिजे. खाल्ला तर तुकडा तुझा. नाही खाल्ला तर खडी."

इन्स्पेक्टरबाई म्हणजे गोठ्यातली थोरली गाय. ती चारा आधी हुंगायची, मग नाकाने बाजूला सारायची, मग आणणाऱ्याकडे असं बघायची की त्याला आपलं प्रगतिपुस्तक आठवावं.

टकळीने पुढचा अर्धा तुकडा पेरला आणि तेवढ्यात सहामाही परीक्षा कडमडली. उरलेला अर्धा चांगला दीड-दोन महिन्यांनी पेरला गेला. त्यामुळे पुढचं पीक तिच्या खांद्याला लागलं आणि त्यावर गुलाबी, जांभळे, लालभडक तुरे डोलायला लागले, तेव्हा मागचं जेमतेम गुडघ्याएवढं, हिरवंगार आणि अगदीच साधं होतं. मागच्याकडे कोण बघतंय! टकळी पुढच्या तुऱ्यांत उभी राहून मैत्रिणींकडून फोटो काढून घेत होती.

इन्स्पेक्टरबाईंच्या परीक्षेचा शनिवार उजाडला. तिने सगळ्यांत मोठे, सगळ्यांत देखणे तुरे कापले. धूळ नको म्हणून बादलीत बुचकळले, तर पाण्यावर हा एवढा फेस.

"अगं, चाऱ्याला साबण लावलास?" आई ओरडली.

"साबण कसला! ताजेपणाचा फेस आहे तो," टकळीने ठणकावून सांगितलं. असं काही असतं का, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

तुरे गव्हाणीत पडले. इन्स्पेक्टरबाईंनी हुंगलं. एक तुरा उचलला. दोनदा चावला. मग तोंड उघडून तो जसाच्या तसा खाली सोडला आणि टकळीच्या तोंडावर शिंकल्या.

बाबा हसता हसता पालथ्या घमेल्यावर बसले. डोळे पुसून झाल्यावर मात्र हळूच म्हणाले, "सोमवारी सकाळी खडीवाला येतोय हं."

टकळीची टकळी बंद पडली. संध्याकाळभर ती इतकी गप्प होती की आईने कपाळाला हात लावून ताप पाहिला. रविवारी गायीला पाणी पाजून पुन्हा बांधतानाही तिचं लक्ष नव्हतं. दाव्याची गाठ कशी पडली, तिचं तिलाच कळलं नाही.

दुपारी जेवणं आटोपून घर आडवं झालं. गुडघा धरल्यामुळे आजोबा तेवढे ओसरीवर खुर्चीत, गोठ्यामागचा तुकडा दिसेल असे.

"कोणआला!" आजोबा ओरडले.

"कोणी नाही आलं, आजोबा," आई आतून म्हणाली. "पडा जरा."

"अगं, कोणआला! कोणआला!"

"फाटक बंद आहे हो!" बाबांनी कूस बदलली.

"बहिऱ्यांनो!" आजोबांनी काठी आपटली. "कोण आला नव्हे, कोणआला! तो कोणआला खातेय ती भवानी!"

टकळी अनवाणीच धावली. गोठ्यामागे इन्स्पेक्टरबाई, गळ्यात सुटलेलं दावं, पुढच्या तुऱ्यांतून वाट तुडवत थेट मागच्या गुडघाभर हिरव्यात पोचल्या होत्या आणि शेपटी हलवत, डोळे मिटून, सपासप खात होत्या. तुऱ्यांना त्यांनी तोंडही लावलं नव्हतं.

आणि तेव्हा विज्ञानाच्या बाईंचं हवेत राहिलेलं वाक्य टकळीच्या डोक्यात येऊन आदळलं: फुलोऱ्याआधी कापायचं, नंतर दाण्याच्या सालीत कडू फेस धरतो.

"बाबा! खाल्लं! बघा, खाल्लं!"

बाबांनी आधी गायीच्या डाव्या कुशीवर थापट्या मारून पोट फुगलं नाही ना ते पाहिलं, तिला ओढून गोठ्यात नेलं, पुढ्यात वाळला चारा टाकला आणि मगच तोंड उघडलं. "चोरून खाल्लेलं धरत नाहीत. गव्हाणीतून, असं ठरलं होतं."

"मग उद्या सकाळी! पुन्हा परीक्षा!"

"खडीवाला आठला येतो."

"इन्स्पेक्टरबाई सहाला उठतात!"

सोमवारी टकळीने दोन पेंढ्या आणल्या: एक तुऱ्यांची, एक कोवळी. दोन्हींत थोडा वाळला चारा मिसळला. आई दुधाची चरवी हातात धरून थांबली. आजोबा काठी टेकत गोठ्यापर्यंत आले. म्हणाले, कालचा पहिला साक्षीदार मीच.

इन्स्पेक्टरबाईंनी तुरे हुंगले. फुर्र. नाकाने बाजूला सारले. टकळीकडे पाहिलं. टकळीने कोवळी पेंढी पुढे सरकवली. मग ते ओलं काळं नाक दुसऱ्या पेंढीत घुसलं आणि वर आलं ते गव्हाणीचं लाकूड चाटूनच.

"देखण्याला भुलली नाही हो," आजोबा म्हणाले. "नातीपेक्षा हुशार निघाली."

गव्हाणीखाली सांडलेला एक कोवळा देठ उचलून बाबांनी दाताखाली धरून पाहिला. तेवढ्यात फाटकावर भोंगा वाजला.

"कोणआला!" आजोबा दचकून ओरडले.

सगळ्यांनी गव्हाणीकडे पाहिलं.

"अरे, तिकडे काय बघताय? खरंच कोणीतरी आलंय! खडीवाला!"

बाबा चपला सरकवत फाटकाकडे निघाले. अर्ध्या वाटेवरून वळून म्हणाले, "टकळे, पुढच्या वेळी अर्धा-अर्धा तुकडा एकदम पेरू नकोस. दर पंधरवड्याला एकेक पट्टा." आणि मग मोठ्याने खडीवाल्याला, "आत नको आणूस रे! फाटकासमोर खड्डे पडलेत, तिथेच ओत सगळी!"