सत्तर सकाळी मी सांगत होतो

वच्छलाबाईंच्या तेराव्याची पंगत उठली आणि त्यांची लेक लता चार पाहुण्यांदेखत वडिलांना म्हणाली, "नाना, आईला मी चार ईमेल केल्या. अडीच महिन्यांत एका ओळीचं उत्तर नाही. एवढा राग धरून गेली का ती?"

भाईदासनाना उठले. आतल्या खोलीत आले, संगणक सुरू केला आणि शोधत बसले. वच्छलाबाईंनी या अडीच महिन्यांत लताला लिहिलेली अकरा पत्रं तिथेच पडून होती. एकही गेलं नव्हतं. नानांनी मला उचललं आणि टेबलावर आपटलं. माझा कोपरा फुटला.

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे. टेलिफोनच्या तारेतून संगणकाची पत्रं ने-आण करणं हे माझं काम. मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही.

नाना आयटीआयमध्ये फिटरचे मास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी मेहरूणमधल्या आपल्या घरी जुना संगणक आणला आणि मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीवरून त्यात लिनक्स ही सिस्टीम घातली. मला जोडायला त्यांना आठ दिवस लागले. मी दुसऱ्या सॉकेटात होतो आणि ते मशीनला 'दोन' सांगत होते. ही सिस्टीम शून्यापासून मोजते, म्हणजे माझा नंबर एक. "केळीच्या घडाची पहिली फणी कोणी शून्य म्हणतं का?" असं म्हणून त्यांनी मलाच शिव्या घातल्या.

लता लग्नानंतर आईला न भेटताच मस्कतला गेली होती. तेव्हापासून माय-लेकींचं फोनवर बोलणं नव्हतं. फोन आला की लता नानांशी बोलायची, आईला द्या म्हणायची नाही. वच्छलाबाई म्हणायच्या, "फोनवर मला रडूच येतं. मी लिहीनच." त्या एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायच्या. मी नंबर फिरवताना किंचाळलो की खूश व्हायच्या. "बोलला बाई! पोचलं पत्र."

नानांना ती किंचाळी खपेना. त्यांनी एक आज्ञा लिहून माझा आवाज कायमचा बंद केला. रोज सकाळी मशीन आपोआप मला नंबर फिरवायला सांगेल, अशीही सोय केली. मग वच्छलाबाई विचारायच्या, "गेलं का हो?" नाना पेपरातून मान न उचलता म्हणायचे, "गेलं, गेलं."

काय गेलं होतं? खंडेनवमीला नानांच्या कानशी, हातोडे, पाने पाटावर मांडले, तेव्हा वच्छलाबाईंनी मलाही पुसून त्यांत ठेवलं होतं. "लतापर्यंत जातो तो. त्याची पूजा नको?" म्हणत ओलं कुंकू लावलं. ते टेलिफोनची तार शिरते त्या भोकात उतरलं. त्या दिवसापासून मला तारेतला टोनच मिळेना, आणि टोनशिवाय ना पत्र जातं, ना येतं. सत्तर सकाळी मी मशीनला सांगत होतो, टोन नाही, टोन नाही. मशीन ते रोजच्या नोंदीत लिहूनही ठेवत होतं. ती नोंद उघडायला नानांना एकदाही सवड झाली नाही.

तेराव्यानंतर तीन दिवस नाना मशीनशी भांडले. "फुकटची सिस्टीम, दुसरं काय!" म्हणाले. शेवटी टेलिफोन खात्यातला लाईनमन भिकन आला. त्यानं आपला फोन भिंतीच्या तारेला लावून ऐकलं.

"नाना, लाईन जित्ती शे."

तारेत दोष नव्हता, म्हणून त्यानं माझ्या भोकात सुई घातली. सुईला लाल भुकटी लागली.

"आरे देवा! नाना, हाई ते कुंकू शे. वहिनीनी पूजा करेल शे ना?"

नाना ती सुई हातात घेऊन बसून राहिले. भिकननं मला साफ केलं, तार खोचली. टोन आला.

"आते धाडा," भिकन म्हणाला.

नानांनी तार उपटली. "नको. लता बाहेरच बसलीय."

"मंग तिले सांगा ना!"

नानांनी मशीन बंद केलं. पत्रांचं सांगायचं तर पेपराआडून दिलेल्या उत्तराचंही सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी लता निघाली. दारात तिनं विचारलं, "आई शेवटी माझ्याबद्दल काही बोलली?" हा माणूस म्हणाला, "गाडी चुकेल." सगळ्या नातेवाइकांत वच्छलाबाई हट्टी ठरल्या, आणि ज्याला खरं ठाऊक होतं त्यानं तोंड उघडलं नाही.

मित्रांनो, यंत्राची पूजा जरूर करा. पण ते काय सांगतंय तेही वाचा. घरातल्या माणसानं "गेलं का?" विचारलं तर उठून बघा. न बघता हो म्हणू नका.

आता मी ठीक आहे. तार खोचायची आणि नंबर फिरवायचा, एवढंच काम आहे. लताला मस्कतला जाऊन सात महिने झाले. अकरा पत्रं अजून पाठवलेली नाहीत.